शालिकभाऊंची घाई

शालिकभाऊंनी एक बादली विकत घ्यायला दोन उन्हाळे घेतले. वाढवून सांगायची मला सवय नाही. मी शाळेत गणित शिकवतो. पहिल्या उन्हाळ्यात त्यांची लोखंडी बादली बुडातून गळायला लागली, आणि दुसरा उन्हाळा सरता सरता एक हिरवी प्लास्टिकची बादली त्यांच्या घरात गेली. मधला सगळा काळ ते तेलाच्या रिकाम्या पिप्यात पाणी घेऊन आंघोळ करत होते. आमच्या मूल गावच्या बाजार चौकातला भांडेवाला त्यांना लांबून पाहिलं की बसायला स्टूल पुढे सरकवायचा, कारण काम लवकर आटोपणारं नाही हे त्याला ठाऊक होतं. शालिकभाऊ बादली उलटी करत, बुडावर टिचक्या मारत, उन्हात धरून आरपार बघत, आणि शेवटी खाली ठेवून म्हणत, "पाहू नं, घाई काय आहे!" कधी कधी ते बादली घरीही नेत. "कुंदाले दाखवून आनतो," म्हणून नेत आणि संध्याकाळी परत आणून देत.

कुंदा म्हणजे त्यांची बायको, आमच्या कुंदावहिनी. त्या बादलीकडे बघून म्हणायच्या, "तुमाले पटन ते घ्या." एवढं ऐकलं की शालिकभाऊ बादली परत करायचे. हा संवाद आमच्या दोन घरांमधल्या कुंपणावरून मी इतक्या वेळा ऐकला आहे की वहिनी बोलायच्या आधी माझ्या तोंडातून ते शब्द निघायचे.

आता याच माणसाची दुसरी बाजू सांगतो. बसस्टँडवर एखादा मुलगा आणि मुलगी जरा कडेला उभी राहून बोलताना दिसली की शालिकभाऊ स्कूटर थांबवायचे, पाय टेकवायचे आणि विचारायचे, "किती दिवस झाले?"

"अर्धा तास झाला काका, बस आलीच नाही."

"बसचं नाई इचारत. तुमचं इचारून राह्यलो."

मुलगी लाजून दुसरीकडे बघायची, मुलगा चाचरत वर्ष-दोन वर्ष असं काहीतरी सांगायचा, आणि शालिकभाऊंचा पारा चढायचा. "दोन वर्सं? अबे, दोन वर्सात तं पोट्टं चालाले लागते! पाह्यलं, पटलं, पार पाडलं! कायची वाट पाहून राह्यला तू?" पुढे बराच वेळ ती दोघं बसऐवजी त्यांच्याकडेच बघत राहायची.

'पाह्यलं, पटलं, पार पाडलं' हे त्यांचं ब्रीदवाक्य. सिंचन कार्यालयात ते बडे बाबू होते. तिथे एकही फाइल त्यांच्या टेबलावरून महिन्याच्या आत हलल्याचं कोणाला आठवत नाही, पण कार्यालयातल्या प्रत्येक अविवाहित माणसाला त्यांनी हे वाक्य ऐकवलेलं होतं. पंखा, कुकर, चप्पल, गॅसची शेगडी, चष्म्याची दांडी, यातल्या प्रत्येक गोष्टीला 'घाई काय आहे'. लग्नाला मात्र उद्या का, आज दुपारी काय वाईट आहे!

टीव्हीवर प्रेमाचा एखादा विनोदी सिनेमा लागला की कुंदावहिनी शेंगदाण्याची वाटी घेऊन बसायच्या. शालिकभाऊही बसायचे, पण थोडाच वेळ. नायक आणि नायिका एकमेकांवर आदळली, पुस्तकं खाली पडली, दोघांनी एकदमच उचलायला हात घातला, की हे उठलेच. "झालं. आता लावून द्या त्याईचं." पुढचे दोन-अडीच तास त्या दोघांनी भांडावं, गैरसमज करून घ्यावेत, विमानतळावर धावत जावं, हे त्यांना निव्वळ आडमुठेपणाचं वाटे. सिनेमा संपल्यावर वहिनी सांगायच्या की झालं बाई एकदाचं दोघांचं लग्न. त्यावर हे म्हणायचे, "मले तं पयलेच मालूम होतं. त्याईले कायले तीन घंटे लागले?"

माझं लग्न पत्रिका, मुलीची नोकरी, माझी कायम झाल्याची ऑर्डर आणि मुलीच्या मावशीचं मत अशा पायऱ्या चढत पावणेदोन वर्षांनी ठरलं. हे मी त्यांना एकदा सांगितलं. आजारातून उठलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या बायकोकडे आणखी एक कप चहा मागितला, जणू तेवढंच तिचं सांत्वन.

त्यांच्या ब्रीदवाक्याने खरोखर एक संसार उभा राहिला, हेही सांगायला हवं. आमच्या शाळेतला प्रफुल्ल नावाचा तरुण शिक्षक आणि सरकारी दवाखान्यातली रोशनी नावाची नर्स यांचं तीन वर्षं चहाच्या टपरीवर चाललं होतं. एक बौद्ध, एक तेली; दोन्ही घरी कुरबुर, पण तलवारी निघण्यासारखं काही नव्हतं. खरी अडचण प्रफुल्लची होती. तो आधी घर बांधू, मग बोलू, आधी बहिणीचं होऊ दे, मग बोलू, असं करत होता. एका सकाळी शालिकभाऊंनी रजा टाकली, दोघांना बसमध्ये बसवलं आणि थेट चंद्रपूरला विवाह नोंदणीच्या कार्यालयात नेऊन उभं केलं.

तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की आधी एक महिन्याची नोटीस लागेल.

"नोटीस?" शालिकभाऊ म्हणाले. "नोटीस कायची? काय गुना केला त्याईनं?"

बाईंनी समजावून सांगितलं की कायदाच तसा आहे, कोणाचा आक्षेप असेल तर तो घ्यायला वेळ द्यावा लागतो. शालिकभाऊंना हे पटेना. त्यांचं म्हणणं, आक्षेप घेणारा माणूस महिनाभर शोधत बसला तर सापडणारच. सरकारने त्याला एवढी सवड देऊ नये. स्वतःच्या टेबलावर महिनोन् महिने फाइल ठेवणारा माणूस दुसऱ्या कार्यालयात दिरंगाईवर भाषण देत होता, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं. शेवटी नोटीस लागली. तो अख्खा महिना शालिकभाऊ रोज संध्याकाळी टपरीवर जाऊन दोघं भांडली तर नाहीत ना, हे बघून यायचे. लग्न झालं. आता ती दोघं दर रविवारी भांडतात आणि निवाड्याला शालिकभाऊंकडे येतात. शालिकभाऊ दोघांचं ऐकून घेतात आणि समाधानाने म्हणतात, "भांडून राह्यले नं? मंग लगन बराबर लागलं."

या सगळ्या तत्त्वज्ञानाचं मूळ त्यांच्या स्वतःच्या लग्नात होतं. ती कथा त्यांनी मला इतक्यांदा सांगितली होती, की मी ती वर्गात शिकवू शकलो असतो.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टी भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. दिवसा दुकानं, पाळणे, खेळ, रात्री नाटक. ज्या गावची मंडई, त्या गावात घराघरात पाहुणे उतरतात आणि कोणाचा पाहुणा कोणत्या घरात जेवला याला काही धरबंध राहत नाही. मुली बघायचे कार्यक्रमही त्याच दिवशी उरकतात, कारण माणसं नाहीतरी आलेलीच असतात. तीस-एक वर्षांपूर्वी शालिकभाऊ आपल्या मामाबरोबर सावली गावाच्या पुढच्या एका खेड्यात असेच मुलगी बघायला गेले. पत्ता होता, विहिरीजवळचं लोनबले यांचं घर, निळं दार. गावात पोचल्यावर कळलं की विहिरीजवळ सगळे लोनबलेच राहतात, आणि त्या दिवाळीला गावच्या दुकानात रंग एकच आला होता, निळा.

मामा एका अंगणात शिरले. मंडईच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला 'आपण कोण' असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान. त्यामुळे पायावर पाणी आलं, सतरंजी आली, चिवडा आला. त्या घरीही त्या दिवशी मुलगी बघायला कोणीतरी यायचंच होतं. मध्यस्थ तेवढा नाटकाच्या तिकिटांच्या रांगेत अडकला होता. घरच्यांना वाटलं, पाहुणे आले. मुलगी चहा घेऊन आली. शालिकभाऊंनी पाहिलं. मुलगी आत गेली आणि यांनी जागेवरूनच जाहीर केलं, "मले पसंत आहे." मुलीच्या वडिलांनी नारळ आणि शर्टाचं कापड आणून हातात ठेवलं, कपाळाला कुंकू लावलं. मग धापा टाकत मध्यस्थ आला आणि ओरडला, "हे कोन होत?"

"मंग?" मी पहिल्यांदा ऐकताना विचारलं होतं.

"मंग काय? नारळ मायाच्यापाशी होता," शालिकभाऊ म्हणाले. "सासरा म्हने, दिला शब्द आता फिरवाचा नाई. खरे पाहुने आले थे पोटभर जेवले आन् नाटक पाहून गेले. तुळशीचं लगन झालं, का लगोलग आमचं. एक घंटाभर थांबलो असतो तं मध्यस्थ आला असता नं सर. मंग कुठी कुंदा आन् कुठी मी!"

हे सांगताना दर वेळी ते मांडीवर थाप मारून हसायचे, आणि कुंदावहिनी तिथे असल्या तर उठून आत जायच्या. मी समजत होतो की त्या लाजतात.

अशा माणसाच्या पोटी स्नेहल जन्मली. एकुलती एक, हुशार, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिथे तिला अनिकेत नावाचा नाशिकचा एक मुलगा भेटला. सरळ, मोठ्या कानांचा, मोठ्या माणसांशी बोलताना मोबाइल खिशात ठेवणारा मुलगा. त्यांना भेटून चार वर्षं झाली होती. तिने घरी काहीच लपवलं नव्हतं. आईला सांगितलं, बापाला सांगितलं, फोटो पाठवले, एकदा त्याला मूलला घेऊनही आली. फक्त लग्नाचं विचारलं की ती म्हणायची, "आम्ही अजून एकमेकांना समजून घेतोय."

या एका वाक्याने शालिकभाऊंची झोप उडाली. ते माझ्या ओसरीवर येऊन बसले. "समजून घेऊन राह्यले म्हने! काय समजाचं आहे सर? मी तीस वर्सात कुंदाले समजलो नाई, काई अडलं काय?"

मी म्हटलं, आता जग बदललंय, मुलं विचार करून ठरवतात.

"इचार कराले लागलं का मानूस नाई म्हनते," ते म्हणाले. "मी सांगतो नं. बादलीचं तसंच होते."

त्या दिवाळीत स्नेहल घरी आली तेव्हा एका दुपारी ती आमच्याकडे फराळाचं ताट घेऊन आली आणि परत जाईना. चकलीचे तुकडे करत बसली. मग म्हणाली, "काका, बाबा तुमचं ऐकतात. त्यांना सांगा ना, घाई करू नका. मला अनिकेत आवडतो. पण चार लोकांत मला उभं केलं ना, तर माझ्या तोंडून 'हो' निघून जाईल, आणि मग जन्मभर मी विचार करत बसेन की ते 'हो' माझं होतं की बाबांचं." एवढं बोलून तिने उरलेली चकली ताटात ठेवली. तिचे डोळे भरून आले होते. मी गणिताचा मास्तर. अशा वेळी मी 'सांगतो हं' यापलीकडे काही बोलत नाही.

मी सांगेपर्यंत शालिकभाऊंनी बेत पक्का केला होता. कुंदावहिनींच्या माहेरच्या मंडईला अनिकेतच्या आईवडिलांना बोलवायचं. वरून निमित्त, झाडीपट्टीचं नाटक एकदा बघून जा. आणि तिथेच, सगळे नातेवाईक जमलेले असताना, साक्षगंध उरकायचं. साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. नारळ, साडी, पेढे, अंगठी, सगळं गुपचूप मेहुण्याच्या घरी पोचलं होतं. जन्मात पहिल्यांदा शालिकभाऊंनी एका दिवसात चार वस्तूंची खरेदी केली होती, आणि एकही घरी दाखवायला आणली नव्हती. स्नेहलला यातलं काही माहीत नव्हतं. कुंदावहिनींना माहीत होतं, पण त्या बोलल्या नाहीत.

माझ्याकडे गाडी आहे, त्यामुळे मला न्यायचं ठरलं. मायलेकी आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या. गाडीत आम्ही दोघंच. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. मूल गाव मागे पडल्यावर मी धीर करून स्नेहलचं बोलणं शब्दाला शब्द त्यांना सांगितलं. ते 'हो' माझं होतं की बाबांचं, इथपर्यंत.

"पोट्टे असेच बोलतेत," शालिकभाऊ म्हणाले. पण सावलीत चहाला थांबू का विचारलं तर म्हणाले, "नको, घाई आहे," आणि स्वतःच दचकले.

मेहुण्याचं घर म्हणजे तेच घर, जिथे शालिकभाऊ चुकून शिरले होते. दार आता तपकिरी झालं होतं. अंगणात सतरंज्या, त्यांवर पन्नास-एक माणसं, त्यातली अर्धी कोणाची कोण हे कोणालाच ठाऊक नाही. अनिकेतचे आईवडील खुर्च्यांवर बसले होते आणि अनोळखी बायका त्यांच्या ताटात सारख्या पुऱ्या वाढत होत्या. जेवणं झाली आणि मेहुण्याने घसा खाकरून जाहीर केलं की आज शुभ दिवस आहे, दोन्हीकडची माणसं हजर आहेत, तेव्हा पोरीचं साक्षगंध करून टाकू.

अनिकेतचे वडील चकित झाले. "आमची काही हरकत नाही," ते म्हणाले, "पण आम्हाला नाटक बघायला बोलावलं होतं ना?"

"नाटक रात्री आहे," कोणीतरी मागून सांगितलं, "येळ आहे."

माणसं हसली. अनिकेत कानापर्यंत लाल झाला. नाही म्हणावं असं त्याला काही दिसत नव्हतं, हो म्हणायचं धैर्यही नव्हतं. बायकांनी स्नेहलला धरून आणलं. घाईघाईत कोणीतरी तिच्या डोक्यावर पदर म्हणून ओढणी टाकली होती आणि हातात चहाचा ट्रे दिला होता. ती ट्रे धरून उभी राहिली. कप एकमेकांवर वाजत होते. तिने आधी अनिकेतकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मग खाली. कुंदावहिनी लेकीकडे पाहत नव्हत्या. त्या शालिकभाऊंकडे पाहत होत्या.

शालिकभाऊ नारळ घेऊन उठले. नारळ अनिकेतच्या हातात ठेवला की संपलं. मी मनात म्हटलं, गेली पोर. ते दोन पावलं गेले आणि थांबले. नारळ या हातातून त्या हातात घेतला. मग स्नेहलसमोर जाऊन उभे राहिले आणि एवढ्या हळू आवाजात बोलले की पुढच्या रांगेलाच ऐकू गेलं.

"बाई, तुले कोनी इचारलंच नाई. तुले आज कराचं आहे का?"

स्नेहल पुण्याची भाषा विसरली. "मले अनिकेत पसंत आहे बाबा," ती म्हणाली. "पन आज नाई. मले अजून येळ पायजे."

"किती?"

"मालूम नाई."

शालिकभाऊंनी मान हलवली, तिच्या हातातला ट्रे घेतला आणि खाली ठेवला. मग वळून सगळ्यांना सांगितलं, "पोरीनं येळ मांगला आहे. आमी थांबून राह्यलो." मेहुणा कासावीस झाला. "भाऊजी, अवं पेढे आनले नं!" शालिकभाऊ म्हणाले, "मंग खाऊन टाका. पेढे काई साक्षगंधाचेच राह्यत नाई." अनिकेत उठून आला आणि वाकून शालिकभाऊंच्या पाया पडला. त्याच्या आईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि विचारलं, नाटक किती वाजता आहे.

मी शालिकभाऊंना घराच्या मागच्या वाडीत शोधून काढलं. वालाच्या मांडवाखाली एका उलट्या टोपल्यावर ते बसले होते, नारळ अजून मांडीवर.

"चांगलं केलंत," मी म्हटलं.

"सर," ते म्हणाले, "मी तुमाले ते लगनाचं अर्धंच सांगत होतो. चहा आनला तवा मामानं तिले नाव इचारलं. ती म्हने, कुंदा. आमी जिले पाह्याले आलो होतो, तिचं नाव होतं वंदना. मामा म्हनाले लागला, अगा आपन तं... मी त्याच्या पायावर पाय ठेवला. जोरानं. मले तवाच समजलं होतं सर, का आपन घर चुकलो म्हनून. मी चूप राह्यलो. आन् मंग पसंत म्हनून टाकलं, कोनी येच्या आत. तिले बिचारीले काय मालूम? तिले वाटलं असन, जो येनार होता थोच हा." त्यांनी मांडीवरचा नारळ फिरवला. "बिदाईच्या टायमाले ती रडली. सगळ्याच पोरी रडतेत. पन मले वाटलं, हे त्याच्यासाठी रडते. जो आला नाई त्याच्यासाठी. तवापासून मी घरात कोनतीबी चीज तिले इचारल्याबिगर आनली नाई. ती म्हनते, तुमाले पटन ते. मंग मले काईच घेवसं वाटत नाई."

एका माणसाने तीस वर्षं हे पोटात ठेवलं होतं आणि वरून मांडीवर थाप मारून हसत होता, हे ऐकून मला गलबलून आलं. एवढ्यात मांडवापलीकडे वाल खुडल्याचा आवाज आला. कुंदावहिनी ओच्यात शेंगा घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

शालिकभाऊ उठून उभे राहिले. पकडला गेलेला विद्यार्थी उभा राहतो तसे. "कुंदा," ते म्हणाले, "मी मामाच्या पायावर..."

"पाह्यला होता मी," वहिनी म्हणाल्या.

"काय पाह्यला?"

"पाय. मामांजीचं तोंड कसं झालं होतं! मले हसू येऊन राह्यलं, म्हनून तं मी आत पळाली."

"म्हंजे तुले मालूम होतं?"

"घरात फोटो आला होता नं त्याचा. घरच्याईनं थो धड पाह्यला नवता, मी मातर निरखून पाह्यला होता. फोटोतल्याले ही एवढी मिशी. तुमाले तं तवा धड मिशीबी फुटली नवती." त्यांनी एक शेंग वाकवून तोडली. "तुमी आंगनात पाय ठेवला तवाच मले समजलं, हे घर चुकले म्हनून."

"आन् एवढे वर्सं बोलली नाई?"

"तुमी कवा बोलले?"

शालिकभाऊंनी नारळ टोपल्यावर ठेवला. "पन त्या दिवशी तरी," ते म्हणाले, "बापाले सांगाचं होतं नं, का हे थे नव्हत म्हनून."

"सांगतलं असतं," कुंदावहिनी म्हणाल्या, "तं तुमी उठून गेले असते नं."

शालिकभाऊ रडायला लागले. लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. वहिनींनी ओच्यातल्या अर्ध्या शेंगा त्यांच्या ओंजळीत टाकल्या आणि ते उभ्या उभ्या त्या सोलू लागले. मला त्या दोघांचा हेवा वाटला, अगदी उघड हेवा. गाडी बघून येतो म्हणून मी तिथून निघालो. गाडीला काही झालेलं नव्हतं.